झाकणांवरची नावं

ताई, तुझ्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी तुझे सगळे डबे ओसरीत आणून मांडले. मांडवाचे बांबू काढणं चाललं होतं. निम्मे पाहुणे निघून गेले होते आणि उरलेले दरेकशाच्या स्टेशनावरून गाडी सुटायला वेळ आहे म्हणून चहा पीत बसले होते. प्रोटीन पावडर, इम्युनिटी पावडर, गुळवेलीच्या गोळ्या, हळदीच्या कॅप्सूल, कुठल्याशा फळाचा आंबूस रस. एकोणीस नग मोजले मी. भाऊजींच्या मनात एवढंच होतं की जे फोडलेले नाहीत ते मी गोंदियाजवळ कुडव्याला माझ्या मेडिकलमध्ये घेऊन जावेत, कुणाच्या तरी कामी येतील.

प्रत्येक झाकणावर काळ्या मार्करने तुझ्या अक्षरात नाव लिहिलेलं होतं. सालेकसावाली मामी. गेटवाले काका. बचत गट. मास्तरीणबाई. चिचगडचे जवाई. लोक आपापलं नाव शोधायला लागले. मामींनी आपला डबा उचलला, हलवून पाहिला आणि म्हणाल्या, "माहा तं भरलेलाच आहे वो!" कुणालातरी हसू आलं आणि त्याने ते चहात बुडवलं. तुझं घर आहे, तू असतीस तर तूही हसली असतीस.

मग भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, "बापू एकटा शहाना निंगाला. एवढे डब्बे आले, पन याच्या नावाचा एकबी नाई. सोताची मेडिकल असून नाई. बाकी तुमी-आमी सारे येडे."

सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मी कपात पाहत राहिलो.

माझा डबा तिथे नव्हता, कारण तो मी आधीच उचलून नेला होता. हे तुला आणि मला, दोघांनाच माहीत होतं. त्या ओसरीत बसून मला तुझा राग आला, ताई. मेलेल्या माणसाचा राग येतो हे मला माहीत नव्हतं. तू असतीस तर एक डोळा बारीक करून माझ्याकडे बघितलं असतंस आणि ते दोघांत वाटून गेलं असतं. आता ते सगळं माझ्या एकट्यावर आलं.

ती नावं का लिहिली होतीस, हे तिथे कुणालाच कळलं नाही. त्यांना वाटलं, आठवण म्हणून. मला खरं कारण माहीत आहे. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही, आणि आणलेलं आजाऱ्याने त्याच्यासमोर थोडं तरी तोंडात घातलं नाही तर आणणाऱ्याला लागतं. आधी केळी असायची, बिस्किटाचा पुडा असायचा. कोरोनापासून लोक डबे आणायला लागले. पुडा पोरं खाऊन टाकतात, पण डबा राहतो, आणि पुढच्या भेटीला माणूस फळीकडे बघतोच. म्हणून तू नावं लिहिलीस. मामी फाटकात दिसल्या की मामींचा डबा खाली, कोमट पाण्यात एक चमचा, मामींच्या डोळ्यांसमोर घोट. दुपारी गेटवाले काका आले की त्यांचा. बचत गटाच्या बाया आल्या त्याच दिवशी आणखी तिघे आले, तेव्हा तू एका दिवसात चार जणांचे चार चमचे घेतलेस आणि संध्याकाळी सगळं ओकलीस.

त्या रविवारी मी तुझ्या घरी येऊन काय आरडाओरडा केला होता! तापट तर मी पहिल्यापासून. केमो चालू आहे, त्यात हे वीस प्रकारचं काहीबाही पोटात घालतेस, कशात काय आहे ते डब्यावर तरी धड लिहिलंय का, असं मी ओरडत होतो आणि तू पाटावर बसून निवांत लसूण सोलत होतीस.

"एका चमच्यानं कोनी मरत नाई, बापू," तू म्हणालीस. "पन मामी एवढ्या उन्हातान्हात येते. तिच्या डब्ब्याचं सील तसंच दिसलं तं तिचं तोंड पाहवत नाई मले."

"मंग तोंडं पाह्य लोकायचे. औषध कायले घेतेस?"

"आन तुहा डब्बा? तो नाई दिसत का तुले?"

"माहं अलग आहे. मी सिकलो आहे त्यातलं."

तू लसणाची पुढची पाकळी घेतलीस. नंतर मी पाणी प्यायला आत गेलो, तर माझा डबा फळीवर नव्हताच. तो चुलीजवळ, मिठाच्या बरणीशेजारी होता आणि त्याच्या झाकणावर नाव नव्हतं. मी विचारलं तर म्हणालीस, "तुह्या डब्ब्यावर नाव कायले लिहू? तो तं रोजचाच आहे." सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन चमचे. तेही कुणाला दाखवायला नाही. भावाने दिलंय म्हणून.

तो डबा मी का आणला, याचं उत्तर मी गेले कित्येक दिवस शोधतो आहे. मला कळत नव्हतं असं नाही. गिऱ्हाईक तसला डबा मागायला आलं तर मी विचारतो, लिव्हरचा त्रास नाही ना, दुसरी औषधं कुठली चालू आहेत. तुला नाही विचारलं. तुझी गाठ कळली त्या आठवड्यात मी दुकानात बसून असायचो आणि चारही भिंती औषधांनी भरलेल्या दिसायच्या. ताप, खोकला, साखर, बीपी, सगळ्यांचं होतं, आणि तुझ्यासाठी एक गोळीसुद्धा नव्हती. तुझं जे होतं ते नागपूरला होतं, सलाईनच्या बाटलीत, दुसऱ्याच्या हातात. मला तुझ्या हातात काहीतरी द्यायचं होतं. डब्यावर ढालीचं चित्र होतं आणि मोठ्या अक्षरात 'रोगप्रतिकारशक्ती' लिहिलेलं होतं. मी तो फळीवरून काढला, मागची बारीक अक्षरं वाचली, हळदीचा अर्क, अश्वगंधा, हिरव्या चहाचा अर्क, सगळं वाचलं, आणि पिशवीत टाकला.

तू विश्वास ठेवणारच होतीस. माझ्या डी.फार्मच्या दिवसांत तू माहेरी होतीस, लग्न ठरायचं होतं. मी परीक्षेला औषधांची नावं पाठ करायचो आणि तू चुलीपुढे बसून माझी वही धरायचीस. दहावीनंतर तुझी शाळा सुटली होती, इंग्रजी तुला अक्षर लावत वाचावं लागायचं, पण माझं एक नाव चुकलं की तुझं बोट थांबायचं. "नाई. अजून काहीतरी आहे यात." आणि ते असायचंच. मी पास झालो त्या दिवशी तू गल्लीभर सांगत फिरलीस की आमच्या बापूला आता सगळ्या औषधांचं माहीत आहे. ते तू पुढे कधी मागे घेतलंच नाहीस.

आता मी त्या दिवसाबद्दल लिहितो. इतका वेळ मी त्याच्या कडेकडेने फिरतो आहे, हे तुला दिसतच असेल.

धानकापणी चालू होती, म्हणून भाऊजींना निघता आलं नाही आणि नागपूरला तुझ्यासोबत मी आलो. डॉक्टरबाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, आज केमो देता येणार नाही, लिव्हरचे आकडे फार वाढलेत. पांढऱ्या पेशीही कमी होत्या. तू विचारलंस, पेशी वाढायला ताकदीचं काही घेऊ का? त्या चांगल्या होत्या, गर्दी असूनही त्यांनी समजावून सांगितलं. पांढऱ्या पेशी हाडांच्या आत तयार होतात, त्यांना त्यांचा वेळ लागतो, अगदीच कमी झाल्या तर आम्ही इंजेक्शन देतो. पावडरीने त्या वाढत नाहीत. शिजवलेलं ताजं जेवा, अंडी खा, डाळ खा, हात धुवा, आणि ताप आला तर एक तासही घरी थांबू नका.

तू ते लगेच आपल्या भाषेत करून घेतलंस. "म्हंजे रोवनीले मजूरच आले नाई, आन आपन बांधीत चहाच्या किटल्या धाडून राहिलो." डॉक्टरबाईंना 'बांधी' कळलं नाही. मी सांगितलं, धानाचं शेत, आणि रोवणी म्हणजे त्यातली रोपांची लावणी. त्या हसल्या आणि म्हणाल्या, अगदी बरोबर.

मग त्यांनी पेन उचलून विचारलं, "घरी आणखी काही घेता का? काढा, चूर्ण, पावडर, गोळ्या, कुणी दिलेलं काहीही? मी रागावणार नाही, पण मला माहीत पाहिजे."

तू माझ्याकडे पाहिलंस.

ताई, मी तेव्हा बोलायला हवं होतं. मला सगळं एका क्षणात कळलं होतं. लोकांचे चमचे कधीमधीचे होते, रोजचा डबा माझा होता, आणि त्या बारीक अक्षरांतलं काय लिव्हरला बाधतं ते मी शिकलेलो होतो. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिलो. हात कसे धुवावेत याचा तक्ता होता तो.

"काई नाई म्याडम," तू म्हणालीस. "भात, वरन, अंडे. बस."

त्यांनी फाईलमध्ये लिहिलं, 'इतर औषधे: नाही'. मग मला विचारलं, तुम्ही काय करता? म्हणालो, मेडिकल आहे माझं, गोंदियाला. "मग तुम्हाला वेगळं सांगायला नकोच. जरा लक्ष ठेवा त्या काय घेतात त्यावर." मी म्हणालो, हो.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून तू शेंगदाणे खात होतीस. गोंदिया जवळ आल्यावर मी विचारलं, "काऊन खोटं बोललीस तू?"

"तुले बोलल्या असत्या त्या. एवढ्या लोकायच्या समोर. मेडिकलवाल्याले." तू टरफलं कागदात गोळा केलीस. "आन तू काऊन नाई बोललास?"

मी उठून वरची पिशवी खाली काढली आणि तू पुन्हा विचारलं नाहीस. मी तुला घरापर्यंत सोडायला आलो. चुलीजवळचा डबा रिकामा होता, तळ चमच्याने खरवडलेला. शेजारी मीच नंतर आणलेला दुसरा, अर्धा. दोन्ही मी पिशवीत घातले. भाऊजी खळ्यावर होते. तू दारात उभी राहून बघत होतीस आणि एवढंच म्हणालीस, "फळीवरचेबी बंद करू का?" मी म्हणालो, कर. लोक आले की तू त्यांच्या नावाच्या डब्यात रिकामा चमचा बुडवून साध्या पाण्यात ढवळायला लागलीस. मामींचा डबा भरलेला का राहिला, ते त्यांना अजून कळलेलं नाही.

तीन आठवड्यांनी आकडे उतरले. डॉक्टरबाई खूश झाल्या आणि त्यांनी पुन्हा विचारलं, काय बदललं मधल्या काळात? या वेळी भाऊजीही होते. तू म्हणालीस, काई नाई. तुला बोलायला या वेळी विचारसुद्धा करावा लागला नाही आणि मलाही पहिल्याइतकं जड गेलं नाही. भाऊजी भोळेपणाने म्हणाले, देवाची कृपा. केमो पुन्हा चालू झाली.

पुढच्या स्कॅनमध्ये कॅन्सर फुप्फुसात दिसला.

त्यानंतरचे महिने मी इथे लिहीत नाही. तू ते भोगलेस, मला ते सांगायचा अधिकार नाही. एवढंच म्हणतो की तुझ्या पायांना तेल लावायचं काम मला मिळालं, याचं मला बरं वाटतं. लहानपणी तू माझ्या पायांतले काटे काढायचीस आणि मी लाथा मारायचो. तू एकदाही लाथ मारली नाहीस, मारायची ताकद नव्हती म्हणूनही असेल.

एकदा, शेवटच्या पंधरवड्यात, तू म्हणालीस, "बापू, तो तुहा डब्बा..." आणि मी मध्येच म्हणालो, "आधी गोळी घे." तू गोळी घेतलीस आणि झोपलीस. तुला काय म्हणायचं होतं? मनाला लावून घेऊ नको, असं? की भाऊजींना सांगून टाक? की एवढंच, की त्याची चव फार वाईट होती? मी रोज एक वाक्य तुझ्या तोंडी घालून पाहतो आणि कुठलंच बसत नाही. माझ्या मनासारखं वाक्य तर मी मुळीच घालू शकत नाही.

तेरवीनंतर मी ते डबे दुकानात आणले नाहीत. भाऊजींना म्हणालो, मुदत संपत आली आहे. पण ते 'बापू एकटा शहाणा' कानातून जाईना. दोन दिवसांनी सालेकशाहून एक जण दुकानात आला. त्याच्या आईची केमो चालू होती. म्हणाला, भाऊजींनी पाठवलं, म्हणाले, बापूला विचार, तो बरोबर सांगतो. मी त्याला बसवलं, जे सांगायचं ते सांगितलं, पावडर दिली नाही, आईच्या डॉक्टरांपासून काही लपवू नका म्हणालो. तो दोन्ही हात जोडून गेला. मी शटर अर्धं ओढून बसून राहिलो. मला घाण वाटली स्वतःची.

म्हणून मी नागपूरला गेलो. आधी तिथे, कारण परक्या माणसाला सांगणं सोपं. पेशंट नसताना नंबर मिळेना, तिघांना समजावलं तेव्हा आत सोडलं. डॉक्टरबाईंना तू आठवत होतीस. 'मजूर आले नाहीत' हे आता त्या दुसऱ्या पेशंटना सांगतात, ताई. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी मला खुर्ची दाखवली. मग म्हणाल्या, "केमो थांबली नसती तर त्या तीन आठवड्यांनी फरक पडला असता का, हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. पण मला माहीत असायला हवं होतं." मी म्हणालो, फाईलमध्ये लिहा. म्हणाल्या, फाईल आता बंद झाली. मी म्हणालो, तरी लिहा, तिच्या नावावर ते 'नाही' राहू देऊ नका. त्यांनी फाईल मागवली, लिहिलं, आणि विचारलं, "कुणी दिलं होतं?" मी म्हणालो, भावाने. तेही लिहिलं.

परवा रविवारी तुझ्या घरी गेलो. भाऊजी अंगणात कुदळीला नवा दांडा बसवत होते. मला वाटलं होतं, चहा झाल्यावर सांगेन. पण चहापर्यंत धीर टिकणार नाही असं दिसलं, म्हणून चपला काढायच्या आधीच सांगितलं. डबा, फाईल, दोन वेळा विचारलेलं, दोन वेळा दडवलेलं, त्यांच्या गैरहजेरीत डबे उचलून नेलेले. ते दांडा ठोकता ठोकता थांबले.

"तिले मालूम होतं? कायनं आकडे वाढले ते?"

"होतं."

"आन मले नाई सांगतलं तिनं." ते कुदळीकडे बघत होते. "एका घरात राहून. दुसऱ्यांदा तं मी बाजूलेच बसलो होतो. देवाची कृपा म्हनलो मी."

मी मान खाली घातली. मग त्यांनी मान वर केली आणि जे विचारायचं तेच विचारलं. "त्यानंच गेली का ते?"

काउंटरमागे उभा राहून मी इतकी वर्षं प्रत्येकाला काही ना काही उत्तर देत आलो आहे. नाही म्हणालो असतो तर त्यांना झोप लागली असती. हो म्हणालो असतो तर निदान त्यांना मला मारता आलं असतं.

"मालूम नाई, भाऊजी," मी म्हणालो. "मले खरंच मालूम नाई."

ते रडले, ताई. तुला नेलं तेव्हा रडले नव्हते, तेरवीत नव्हते. तुझ्यावर रागावून रडले. मी पुढे झालो तर त्यांनी हाताने मागे सारलं. म्हणाले, "जा तू आता. काई दिवस येऊ नोको."

मी निघालो. गाडीला दोन तास होते, मी दरेकशाच्या स्टेशनावर जाऊन बाकावर बसलो. ते म्हणालेत येऊ नको, पण मी पुढच्या रविवारी जाणार आहे. अंगणाबाहेर उभा राहीन. बोलले तर ऐकून घेईन, नाही बोलले तर परत येईन, आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा जाईन.

तू असतीस तर मध्ये पडली असतीस. पदर सावरत म्हणाली असतीस, "जाऊ द्या ना जी, लहान आहे तो." बाबांना तू हेच म्हणायचीस, मास्तरांना हेच म्हणायचीस, आणि त्या दिवशी डॉक्टरबाईंसमोर न बोलता हेच म्हणालीस. मला पन्नाशी लागली, ताई. परवा त्या अंगणात ते वाक्य कुणी म्हणालं नाही.